‘ऐकत नाहीत’ याच्या मागे काय असतं

“सांगून सांगून थकलो, पण ऐकतच नाहीत.” मधुमेह असलेल्या म्हाताऱ्या माणसांबद्दल हे वाक्य मुलगा बोलतो, सून बोलते, आणि पुष्कळदा डॉक्टरही बोलतात. कुठल्याही फाइलमध्ये ते लिहिलेलं नसतं, तरी पुढचे उपचार बरेचसे त्यावरच ठरतात. गोळी वाढवली जाते, पथ्य आणखी कडक होतं, नातेवाइकांना बाजूला घेऊन ‘लक्ष ठेवा’ असं बजावलं जातं. ज्या माणसाबद्दल हे सगळं चाललेलं असतं तो समोरच्या खुर्चीत, मांडीवर कापडी पिशवी घेऊन, गप्प बसलेला असतो. त्याला ‘का जमत नाही?’ असं कोणी विचारत नाही. विचारलंच तर त्या प्रश्नात उत्तराची वाट पाहिलेली नसते.

मधुमेह असलेल्या ज्येष्ठांशी बोलणं हे माझं काम आहे. त्या बोलण्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे आणि हे पुस्तक त्या मताभोवती उभं आहे. साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाची शुगर आटोक्यात राहत नाही तेव्हा त्याला माहिती कमी पडलेली असते असं क्वचितच घडतं. बटाटा वाईट, कारलं चांगलं, चालायला हवं, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त वेळा ऐकवून झालेलं असतं. त्याला अडवतं ते दुसरंच काही: भीती, लाज, एकटेपणा, विसरभोळेपणाची धास्ती आणि आपल्या आयुष्यावरचा आपला हक्क निसटत चालल्याची खंत. या गोष्टी रक्ताच्या तपासणीत दिसत नाहीत, पण त्या तपासणीचे आकडे बऱ्याच अंशी त्यांनीच घडवलेले असतात.

हा विषय किती घरांचा आहे ते सांगायला एकच पाहणी पुरे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने भारतातल्या मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असल्याचा अंदाज दिला. राज्यांमध्ये सर्वाधिक प्रमाण गोव्यात होतं, २६.४ टक्के, म्हणजे तिथे दर चार प्रौढांमागे एकाहून जास्त. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८मध्ये ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून अधिक भारतीयांची जी पाहणी केली, तिच्यात आजारांच्या बरोबरीने स्मरणशक्ती, नैराश्य आणि घरात सोबत कोण राहतं याचीही चौकशी होती. म्हातारपणाकडे असंच एकत्र बघायला हवं. दवाखान्यात मात्र आपण ते तुकड्यांत बघतो. शुगर एका डॉक्टरकडे, गुडघे दुसऱ्याकडे, डोळे तिसऱ्याकडे, आणि मन कोणाकडेच नाही.

या आजाराचं वेगळेपण असं की त्याची जवळजवळ सगळी कामं रुग्णाच्याच हाती असतात. डॉक्टर तीन महिन्यांतून एकदा दहा मिनिटं भेटणार. उरलेले सगळे दिवस सकाळी बोट टोचायचं, जेवणाआधीची गोळी जेवणाआधी आणि नंतरची नंतर घ्यायची, भाताचा अंदाज घ्यायचा, चालायला जायचं, रात्री तळपाय बघायचे, हे ज्याचं त्याने करायचं. सुट्टी नाही आणि शेवटही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००३च्या अहवालात नोंदवलं होतं की दीर्घ आजारांचे उपचार नीट पाळणाऱ्यांचं प्रमाण विकसित देशांतही सरासरी पन्नास टक्क्यांच्या आसपासच आहे. जी गोष्ट जगभरात निम्म्या लोकांना जमत नाही तिचा दोष आपल्या आजोबांच्या हट्टी स्वभावाला देण्यात काही अर्थ नाही.

शुगरच्या वहीचंच बघा. पुष्कळ ज्येष्ठ मंडळी अशी वही ठेवतात. एका वहीत मी पाहिलं ते असं: जुन्या शालेय वहीला पाठकोरं कव्हर, समास आखलेला, तारीख, ‘उपाशी’ आणि ‘जेवणानंतर’ असे रकाने. अक्षर सुबक, शाई एकसारखी. ११२, ११८, १०९, १२१, सगळं असंच. आणि त्याच पिशवीतल्या रिपोर्टवर तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी, एचबीएवनसी, ९च्या पुढे. हे दोन्ही एकाच वेळी खरं असूच शकत नाही. थोडं बोलल्यावर कळलं की स्ट्रिपा महाग म्हणून रोज तपासणं होत नव्हतं आणि तपासलं तरी वाईट आकडा लिहायला हात धजत नव्हता. वही अपॉइंटमेंटच्या आदल्या रात्री बसून पुरी केलेली होती. असं का करावंसं वाटलं? उत्तर आलं, “डॉक्टर रागावतात हो.” आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब चोख ठेवलेला तो माणूस होता. त्याला खोटारडा म्हणणं अगदी सोपं. पण आपण आकड्यांबद्दल बोलतो कसे? ‘रिपोर्ट चांगला आला’, ‘या वेळी नापास झालात’, ‘बघा, सुधारा’. सत्तरीच्या माणसाला दर तीन महिन्यांनी परीक्षेला बसवलं तर तो कॉपी करणारच. तो आकडा म्हणजे पुढच्या उपचाराची माहिती आहे, स्वभावाचा दाखला नव्हे, हे आपण त्याच्यापर्यंत पोचवलेलंच नसतं.

या ताणाला संशोधनात स्वतंत्र जागा मिळाली ती १९९५च्या सुमारास. अमेरिकेत विल्यम पोलोन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. मधुमेहासोबत जगताना नेमकं काय जड जातं, हे तीत रुग्णालाच विचारलेलं होतं: पथ्याचं ओझं, पुढे काय होईल याची चिंता, घरच्यांची साथ नसणं, डॉक्टरांबद्दलची नाराजी, सतत खाण्याचा विचार. या मधुमेहाच्या मनस्तापाला नैराश्य म्हणता येत नाही. माणूस हसतो, नातवंडांत रमतो, पण शुगरचा विषय निघाला की मिटून जातो. अशा माणसाला झोपेची किंवा नैराश्याची गोळी देऊन उपयोग होत नाही. त्याच्या खांद्यावरचं काम थोडं कमी करावं लागतं.

नैराश्य वेगळं, आणि तेही इथे भरपूर आढळतं. २००१ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात मधुमेह असलेल्यांमध्ये नैराश्याची शक्यता इतरांच्या जवळपास दुप्पट दिसली. म्हातारपणातलं नैराश्य ओळखू येत नाही ही त्यातली मोठी अडचण. आपल्याकडची जुनी माणसं ‘मन उदास आहे’ असं म्हणत नाहीत. ती म्हणतात, भूक लागत नाही, पहाटे तीनलाच जाग येते, अंग दुखतं, कशात राम वाटत नाही. घरचे म्हणतात, वय झालं. डॉक्टर म्हणतात, शुगर वाढल्यामुळे. आणि ज्याला उद्याच्या दिवसात काही बघायचंच उरलेलं नाही, त्याला आपण वीस वर्षांनी मूत्रपिंड बिघडेल म्हणून आज भात सोडायला सांगत असतो.

पत्नी गेल्यावर शुगर चढलेले पुरुष मी खूप पाहिले. सगळ्यांना वाटतं, डबा लावलाय, बाहेरचं खाणं, त्यामुळे असेल. थोडंफार तेही असतंच. पण अशा एका घरात मी विचारत गेले तेव्हा उलगडलं की गेली कित्येक वर्षं गोळी कधी घ्यायची हे त्या गृहस्थांना ठाऊकच नव्हतं. ताट वाढलं की ताटाशेजारी छोट्या वाटीत गोळी असायची. ती ठेवणारा हात गेला. गोळ्यांचं पाकीट कपाटात तसंच होतं, आणि कपाट उघडायचं म्हणजे तिच्या साड्या दिसणार, म्हणून ते उघडलं जात नव्हतं. या माणसाला आहारतक्ता देऊन काय होणार?

बाईला मधुमेह असेल तर चित्र उलटं होतं. तिचं पथ्य सांभाळणारं सहसा कोणी नसतं. ती घराचं रांधते, स्वतःसाठी वेगळं करणं तिला चैन वाटते, सगळ्यांची पानं उठल्यावर उरलेला भात संपवते आणि अन्न वाया गेलं नाही याचं समाधान मानते. जेवणाची वेळ दुसऱ्यांच्या येण्याजाण्यावर ठरते, तर गोळीची वेळ कशी पाळणार? शिवाय उपास. एकादशी, संकष्टी, सोमवार, गुरुवार. दिवसभर काही न खाता शुगर उतरवणारी गोळी घेतली तर दुपारपर्यंत घाम फुटून हातपाय गळतात. गोळी टाळून साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर शुगर भडकते. ‘उपास सोडा’ हा सल्ला आपण एका वाक्यात देतो. पण नवऱ्याच्या आजारपणात बोललेला, चाळीस वर्षं पाळलेला उपास सोडणं म्हणजे तिच्या लेखी शब्द मोडणं असतं. तेव्हा तिच्याशी उपासाविषयी आदराने बोलावं लागतं. त्या दिवशी गोळीचं काय करायचं हे डॉक्टरांशी आधीच ठरवता येतं, राजगिरा किंवा वरी थोडीच घेऊन सोबत दही, ताक, शेंगदाणे असं काही सुचवता येतं. धाकाने एवढंच होतं की उपास चालू राहतो आणि दवाखान्यात तो लपवला जातो.

इन्सुलिनच्या भीतीवर या पुस्तकात सर्वांत जास्त पानं खर्ची पडली आहेत आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. ‘सुई लागली’ हे शब्द आपल्याकडे ज्या स्वरात उच्चारले जातात तो स्वर ऐकला की कळतं, माणूस सुईला घाबरत नाही. टोचणं तर दोन दिवसांत सवयीचं होतं. त्याच्या डोळ्यांपुढे गावाकडचा एखादा काका असतो, ज्याला इन्सुलिन सुरू झालं आणि वर्षभरात पाय कापावा लागला. इन्सुलिन फार उशिरा, पायाला जखम चिघळल्यावर सुरू झालं होतं, हा तपशील कुटुंबाच्या आठवणीत राहत नाही. राहतो तो क्रम: आधी सुई, मग पाय.

या भीतीला खतपाणी आम्हीही घातलेलं आहे. ‘गोळ्या नीट घ्या, नाहीतर इंजेक्शन लावावं लागेल’ हे वाक्य किती दवाखान्यांत रोज बोललं जातं! एकदा शिक्षा म्हणून दाखवलेली गोष्ट नंतर औषध म्हणून कशी स्वीकारली जाईल? इन्सुलिन लागणं म्हणजे आपण हरलो, असंच त्या माणसाला वाटतं. वस्तुस्थिती निराळी आहे. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या आणि वीस वर्षं चाललेल्या मोठ्या अभ्यासातून दिसून आलं की टाइप टू मधुमेहाचं निदान होतं तेव्हाच इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींची निम्मी ताकद संपलेली असते, आणि पुढे ती घटतच जाते. पंधरा-वीस वर्षं आजार असलेल्या अनेकांना, सगळं पथ्य पाळूनही, इन्सुलिन लागतं. हे पहिल्याच भेटीत, कसलाही धाक न घालता सांगितलं असतं तर पुढची कित्येक भांडणं टळली असती.

भीतीच्या आड आणखी एक गोष्ट दडलेली असते, आणि ती कबूल करायला ज्येष्ठांना फार जड जातं. हाताला कंप असतो. सिरिंजवरच्या बारीक रेघा दिसत नाहीत. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक ४० युनिटच्या, त्यांना लाल टोपणाची सिरिंज लागते. १०० युनिटवाल्यांची टोपणं नारिंगी. दुकानदाराने चुकून दुसरी दिली तर डोस अडीच पटींनी इकडेतिकडे होऊ शकतो. पंच्याहत्तरीच्या माणसाने ही बाटली उजेडात धरून हवेचा बुडबुडा काढून बारावी रेघ गाठायची असते. जमत नाही म्हणायची लाज वाटते, मग तो म्हणतो, “मला इन्सुलिन नको.” आपण नोंद करतो: रुग्णाचा नकार. पेन हातात दिलं, एकेक युनिटचा खटका ऐकवला, दोनदा समोर बसून करून घेतलं, की ‘नकार’ पुष्कळदा विरघळतो.

शुगर कमी होण्याच्या भीतीबद्दल मात्र मी ज्येष्ठांच्या बाजूने ठामपणे उभी आहे. ७०च्या खाली गेलेली शुगर तरुण माणसाला घाम आणि थरथर देऊन सावध करते. म्हातारपणी या खुणा बोथट होतात. थेट गोंधळ, चिडचिड, भलतंच बोलणं, नाहीतर रात्री बाथरूमच्या वाटेवर पडणं. ज्याने एकदा ही रात्र पाहिली तो पुन्हा शुगर खाली जाऊच देत नाही. झोपताना दोन बिस्किटं खातो, संध्याकाळची गोळी गुपचूप अर्धी करतो, आणि २२० आकडा बघून निर्धास्त झोपतो. घरात एकटा असेल तर जास्तच. याला आपण अडाणीपणा म्हणत आलो.

२००८ साली अमेरिका-कॅनडातल्या १० हजारांहून अधिक मधुमेहींवर चाललेल्या ‘अ‍ॅकॉर्ड’ चाचणीतली अतिकडक नियंत्रणाची बाजू मध्येच थांबवावी लागली. त्या गटात मृत्यू जास्त होऊ लागले होते. सहभागी लोकांचं सरासरी वय होतं ६२. त्यानंतरच्या वर्षांत ज्येष्ठांसाठी उद्दिष्टं सैल होत गेली. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या सूचनांप्रमाणे धडधाकट ज्येष्ठाची एचबीएवनसी ७ ते ७.५च्या खाली असावी, अनेक आजार असलेल्याची ८च्या खाली चालेल, आणि अगदी थकलेल्या माणसाच्या बाबतीत आकड्यामागे न धावता शुगर खाली जाऊ न देणं व त्रास होऊ न देणं एवढंच बघावं. म्हणजे बिस्किटं खाऊन झोपणाऱ्या आजोबांना जे अंगावर आलेल्या प्रसंगातून कळलं होतं, तेच पुढे शास्त्राने मान्य केलं. त्यांनी निवडलेला मार्ग चुकीचा असेल, पण त्यांची काळजी अचूक होती. ती ऐकली असती तर डोस बदलता आला असता.

स्मरणशक्तीचा धागा याच्याशीच गुंतलेला आहे. दीर्घकाळ वाढलेली शुगर स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवते. दुसऱ्या बाजूने, कॅलिफोर्नियात १६ हजारांहून अधिक वयस्क मधुमेहींच्या अभ्यासात, शुगर धोकादायकरीत्या खाली जाऊन इस्पितळात जावं लागलेल्यांमध्ये पुढे स्मृतिभ्रंश जास्त आढळला. आणि विसरणाऱ्या माणसाकडून औषधाची वेळ चुकते किंवा तीच गोळी दोनदा घेतली जाते. विसरणं लपवण्याची ज्येष्ठांची धडपड विलक्षण असते. ‘घेतली ना गोळी?’ असं विचारलं की ‘हो, मघाशीच’ हे उत्तर तयार असतं. तेव्हा विचारून पाहण्यापेक्षा वाराच्या कप्प्यांची डबी किंवा भिंतीवरच्या कालनिर्णयवर पेन्सिलीची खूण करायची सवय जास्त कामाची, आणि जास्त आदराची.

घरातल्या पहाऱ्याबद्दल लिहिताना मला मुलांची बाजूही कळते. प्रेमापोटीच सगळं चाललेलं असतं. लाडवांचा डबा माळ्यावर जातो, लग्नाच्या पंगतीत आईच्या ताटावर चार डोळे असतात, हळदीकुंकवाला दिलेला पेढा हातातून काढून घेतला जातो. न्यू जर्सीतला मुलगा रोज रात्री व्हिडिओ कॉल करतो आणि पहिला प्रश्न विचारतो, “आज किती आली?” आई आकडा सांगते. काही महिन्यांनी ती त्याला बरं वाटेल असा आकडा सांगू लागते. निवृत्ती झाली, घराचे व्यवहार मुलांकडे गेले, गाडी चालवणं बंद झालं, बँकेचा पासवर्ड सुनेकडे; तोंडात काय घालायचं एवढाच एक निर्णय उरतो, त्यावरही पहारा बसतो. चोरून खाल्लेल्या जिलबीत गोडाची ओढ असते तितकाच ‘माझं मी ठरवीन’ हा हट्टही असतो. दिवाळीत सगळ्यांच्या देखत अर्धी करंजी ताटात वाढली आणि त्या जेवणात पोळी एक कमी केली, तर चोरायचं कारण उरत नाही.

हे बदलता येतं का? येतं, आणि त्याचा पुरावा भारतातलाच आहे. दिल्ली, चेन्नई, बंगळूरु आणि विशाखापट्टणम इथल्या मधुमेह दवाखान्यांत ४०४ रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. मधुमेहाबरोबर नैराश्याच्या खुणा असलेले हे रुग्ण होते. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांसोबत डॉक्टरांखेरीज प्रशिक्षित समन्वयक होते, जे त्यांच्याशी नियमित बोलायचे, मन आणि शुगर दोन्हींची नोंद ठेवायचे आणि तज्ज्ञांशी सल्लामसलत करून उपचार पुढे न्यायचे. दोन वर्षांनी नैराश्याच्या खुणा निम्म्याने घटून शिवाय शुगर, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल यांपैकी किमान एक सुधारल्याचं पहिल्या गटात ५७.४ टक्के, तर दुसऱ्यात ७१.६ टक्के लोकांमध्ये दिसलं. हे सगळे ज्येष्ठच होते असं नव्हे. पण खर्चिक यंत्र किंवा नवीन औषध न आणता, कोणीतरी सातत्याने विचारपूस करण्याने एवढा फरक पडतो, ही गोष्ट आपल्या तालुक्याच्या दवाखान्यासाठी फार मोलाची आहे. तिथे मनोविकारतज्ज्ञ मिळणं कठीण. बोलायला शिकवलेली परिचारिका मिळू शकते.

पुढची प्रकरणं कोणत्याही क्रमाने वाचता येतील. घरात शुगर खाली जाऊन कोणी पडलं असेल तर भीतीवरचं प्रकरण आधी वाचावं. नुकताच जोडीदार गमावलेल्यांसाठी दुःखावरचं प्रकरण आहे, ते शक्यतो जवळच्या माणसाने वाचून मग त्यांच्याशी बोलावं. डॉक्टर मंडळींना माझी एक विनंती आहे. रिपोर्ट उघडण्याआधी समोरच्या ज्येष्ठांना, सोबत आलेल्यांना जरा थांबवून, ‘या आजारातलं सगळ्यात जड काय जातं तुम्हाला?’ एवढं विचारा आणि मिनिटभर गप्प बसा. आणि वाचकांनो, या पानांत वाचलेल्या कशावरूनही गोळी किंवा इन्सुलिनचं प्रमाण आपल्या मनाने बदलू नका. जे वाटतं ते लिहून पुढच्या भेटीला सोबत न्या, वहीतले खरे आकडेही.